पुढची सीट आणि सम्राटाचं पत्र

तुर्कस्तानातल्या इफेसस या प्राचीन शहराबद्दल लोक लिहितात ते सेल्ससच्या ग्रंथालयाबद्दल, नाहीतर संगमरवरी खांबांवर झोपलेल्या मांजरांबद्दल. दोन्ही छान आहेत. मला मात्र तिथे भेटलं ते एका रोमन सम्राटाचं कुरकुरं सरकारी पत्र. परत आल्यापासून भेटेल त्याला मी ते ऐकवत सुटले आहे. घरच्यांनी आता हात जोडलेत, म्हणून इथे लिहितेय.

आधी इस्तंबूल आणि कप्पादोकिया उरकून टाकते. इस्तंबूलला पाऊस लागला. कप्पादोकियात वाऱ्यामुळे बलून उडाले नाहीत, पैसे परत मिळाले. झालं.

ग्रुप टूरला जायचं माझ्या मनात नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं, परमुलखात रोज जेवणाची चिंता कोण करणार? ती चिंता खरंच करावी लागली नाही. रोज पोळी-भाजी मिळाली आणि रोज पोळीवरून तक्रारीही झाल्या. पण खरा तंटा होता बसमधल्या पुढच्या सीटचा. आमच्यात एकाच सरकारी खात्यातून निवृत्त झालेले दोन साहेब होते, एक मुख्य अभियंता आणि एक अधीक्षक अभियंता. मोठ्या साहेबांच्या पत्नीचे गुडघे दुखत, म्हणून त्यांना पहिली ओळ हवी. धाकट्या साहेबांच्या पत्नीला गाडी लागत असे, म्हणून त्यांनाही पहिलीच ओळ हवी. रोज सीट बदलायच्या असा कंपनीचा नियम होता, तो पहिल्याच संध्याकाळी निकालात निघाला. गुडघे आणि मळमळ दोन्ही खरी असतील, पण भांडण त्यांचं नव्हतं हे सगळ्या बसला कळत होतं. "यांचा सीआर मी लिहीत होतो," असं (सीआर म्हणजे वरिष्ठानं लिहायचा गोपनीय अहवाल) मोठे साहेब मागच्या सीटवरच्याला हळूच सांगताना मी स्वतः ऐकलंय.

बिचारा टूर मॅनेजर नाशिककडचा, पंचविशीतला मुलगा. त्यानं तोडगा म्हणून एका रात्री जेवणानंतर ज्येष्ठ दांपत्याचा सत्कार ठेवला. शाल घरून आणलेली होती. नारळ तुर्कस्तानात मिळेना, म्हणून त्यानं डाळिंब दिलं. आता ज्येष्ठ वयानं की पदानं, हा प्रश्न उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला दोन टेबलं झाली. या वातावरणात आम्ही इफेससला पोचलो.

तिकीट माणशी चाळीस युरो. ते पॅकेजमध्येच होतं, तरी सगळ्यांनी त्याचे रुपये करून एकमेकांना ऐकवले. बंदरात त्या दिवशी क्रूझ जहाजं लागलेली होती, त्यामुळे वरच्या दारातून आत शिरलो ते माणसांच्या लोंढ्यातच. गाइडचं सगळं लक्ष घड्याळाकडे. वरच्या चौकाजवळ डाव्या-उजव्या हाताला काय आहे हे तो चालता चालता सांगत होता. एका अर्धगोलाकार पायऱ्यांच्या जागेपाशी म्हणाला, "इथे नगरसभा भरायची, पुढे चला, सावली आहे."

मी तिथेच बसले. निघण्यापूर्वी इथल्या शिलालेखांची इंग्रजी भाषांतरं फोनमध्ये घेऊन ठेवली होती, कारण मला ज्याची ओढ होती ते दगड आता इथे नाहीत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी इथे खोदकाम केलं आणि ते ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. ही सभागृहाची इमारत वेडियस अंतोनिनस नावाच्या इथल्या धनाढ्य माणसाशी जोडलेली आहे, आणि याच सभागृहाच्या रंगमंचाच्या भिंतीवर सम्राट अंतोनिनस पायसची इफेससकरांना आलेली पत्रं कोरलेली होती.

त्यातलं एक इ.स. १४५ चं. सम्राट म्हणतो, वेडियस तुमच्या शहरासाठी किती करतोय ते मला तुमच्या पत्रांतून कमी आणि त्याच्याच पत्रांतून जास्त कळलं. त्यानं माझ्याकडे मदत मागितली, तेव्हा किती इमारती बांधतोय ते दाखवलं. तुम्हाला मात्र त्याची कदर नाही. मी त्याला मागितलं ते सगळं दिलं. बाकीचे पुढारी लोकप्रियतेसाठी खेळ-तमाशे आणि वाटपावर पैसे उधळतात, हा शहर पुढच्या काळासाठी शोभिवंत करतोय, हे मला आवडलं.

विचार करा, ब्रिटनपासून फरात नदीपर्यंत राज्य असलेला माणूस एका शहराला रागावतोय, की तुमच्या श्रीमंताचं तुम्ही नीट कौतुक केलं नाही. आणि पुढची गंमत बघा. ज्यांना बोलणी बसली त्याच शहराच्या सभागृहात ते पत्र कायमचं दगडात उमटलं! वेडियसच्या विरोधकांना प्रत्येक सभेला त्याच्यासमोर बसावं लागत असणार. वेडियसला मदत मिळाली ती मिळाली, पण खरी कमाई म्हणजे सम्राटानं लिहिलेली चार चांगली वाक्यं. त्यासाठी त्यानं इमारतींवर एवढा खर्च केला.

दुसरं पत्र तर मला पाठच झालंय. एशिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग, रोमचा एक अतिश्रीमंत प्रांत. त्यात तीन शहरं एकमेकांच्या जिवावर उठलेली: इफेसस, स्मिर्ना म्हणजे आजचं इझमिर, आणि पर्गामम म्हणजे बेर्गामा. आपलं नाव लिहिताना पुढे 'एशियातली पहिली आणि सर्वात मोठी महानगरी' असं लावायचं, आणि सम्राटाच्या देवळाचे राखणदार म्हणून मिळालेला 'नेओकोरोस' हा किताब किती वेळा मिळाला तेही मोजून लिहायचं. इफेससची तक्रार होती की स्मिर्नानं आपल्या एका ठरावात आमच्या पदव्या गाळल्या. सम्राटाचं उत्तर साधारण असं: पर्गामम्नं तुम्हाला लिहिताना मी ठरवून दिलेल्या पदव्या वापरल्या हे चांगलं झालं. स्मिर्नाकडून त्या चुकून राहिल्या असाव्यात, पुढे ते आपणहून वापरतील. मात्र तुम्हीही त्यांना लिहिताना त्यांच्या ठरलेल्या पदव्या वापरायच्या.

लग्नपत्रिकेत कुणाच्या काकांचं नाव राहिलं म्हणून दोन्हीकडच्यांना फोन करत बसणारा घरातला जाणता माणूस असतो ना, अगदी तो सूर. 'चुकून राहिलं असेल हो.' चुकून राहिलेलं नाही हे लिहिणाऱ्याला, वाचणाऱ्याला आणि स्मिर्नाला, तिघांनाही ठाऊक. मी त्या पायऱ्यांवर बसून एकटीच हसत होते. शेजारी एक जपानी बाई टोपीनं वारा घेत होत्या, त्याही सौजन्य म्हणून हसल्या.

मग हसू हळूहळू ओसरलं, कारण या पत्रात राज्य कसं चालायचं ते सगळं आहे. या प्रांतावर रोमचा सुभेदार म्हणजे प्रोकॉन्सल येई तो साधारण वर्षभरासाठी. सोबत दोन-चार दुय्यम अधिकारी आणि थोडा नोकरवर्ग. एशियात रोमन सैन्याची एकही लीजन, म्हणजे मोठी पलटण, नव्हती. पाच-सहा कोटी लोकांच्या साम्राज्यात रोमहून नेमलेले वरिष्ठ अधिकारी काही शेकड्यांतही मोजावे लागणार नाहीत. कर गोळा करायचा, रस्ते-पाणी बघायचं, दंगा होऊ द्यायचा नाही, हे सगळं इफेससचे वेडियस करायचे. पगार नाही, उलट पदरचे पैसे. त्यांना दामटायला तलवार लागत नव्हती. पहिलं कोण, एवढा प्रश्न जिवंत ठेवला की पुरे. आणि उत्तराची वही सम्राटाच्या हातात.

हे लोक मानासाठी काय थराला जात त्याचा सगळ्यात गमतीचा प्रसंग टॅसिटस या इतिहासकारानं नोंदवलाय. इ.स. २६ मध्ये टायबेरियस सम्राटाचं देऊळ कुणी बांधायचं यासाठी एशियातली अकरा शहरं रोमच्या सिनेटपुढे उभी राहिली. बांधायचं स्वतःच्या खर्चानं, तरी चढाओढ. हालिकार्नासस म्हणालं, आमच्याकडे बाराशे वर्षांत भूकंप झालेला नाही, पाया खडकावर घेऊ. काही शहरांना सिनेटनं 'तुमची ऐपत नाही' म्हणून सरळ बाजूला काढलं. मॅग्नेशिया त्यातलंच. इफेससला सांगितलं, तुमच्याकडे आर्टेमिस देवी आहे, तेवढी पुरे. मान अखेर स्मिर्नाला गेला. इफेससकरांनी हे किती वर्षं मनात ठेवलं असेल ते मला विचारू नका, मी कोल्हापूरची आहे. पुढे त्यांनी आणखी एक मान पदरात पाडून घेतला: नव्या प्रोकॉन्सलनं समुद्रमार्गे यायचं आणि पहिलं पाऊल इफेससच्याच बंदरात टाकायचं. सम्राटाकडून तसा लेखी निर्वाळा मिळवला होता, रोमन कायद्याच्या संग्रहात तो आजही सापडतो. आणि ऐपत नाही म्हणून काढलेलं ते मॅग्नेशिया? त्यानं पुढे तिसऱ्या शतकात नाण्यांवर चक्क 'एशियातली सातवी' असं छापलं. सातवी! मला या शहराबद्दल फार माया वाटते.

"काकू, ग्रुप खाली पोचला," म्हणत टूर मॅनेजर शोधायला आला आणि मी उठले.

उताराच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना पुतळ्यांचे चौथरे आहेत. पुतळे बहुतेक गेलेत, चौथऱ्यांवरचे लेख राहिलेत. गर्दी या चौथऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवते आणि बुटांच्या नाड्या बांधते. पुतळा उभारायला नगरसभेचा ठराव लागे, आणि ज्याचा सन्मान तोच पुष्कळदा खर्च सोसत असे. तरी रांग लागायची.

सेल्ससच्या ग्रंथालयासमोर फोटोसाठी इतकी रेटारेटी होती की खांब सोडून मला लोकांच्या हातातल्या सेल्फीच्या काठ्याच दिसल्या. ही दर्शनी भिंत ऑस्ट्रियन संशोधकांनी १९७० च्या दशकात पडलेले तुकडे जुळवून पुन्हा उभी केली, आणि बारकावे खरोखर थक्क करणारे आहेत. पण गाइडनं 'प्राचीन जगातलं मोठं ग्रंथालय' एवढं सांगून सोडलं, त्याचा मला राग आला. ही समाधी आहे हो! सेल्सस खाली शवपेटीत आहे. तो मूळचा सार्डिसचा, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या पूर्वेकडचा. तिथल्या ज्या थोड्या लोकांना रोममध्ये सर्वांत आधी कॉन्सलपद, म्हणजे तिथलं मोठ्या मानाचं पद, मिळालं त्यांतला एक, इ.स. ९२ मध्ये. पुढे तो एशियाचाच प्रोकॉन्सल होऊन परत आला. मुलानं, अक्विलानं, बापाच्या नावे ही इमारत उभी केली आणि देखभालीसाठी व पुस्तकांसाठी २५,००० दिनारी ठेवले. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांच्या चौथऱ्यांवर सेल्ससची सगळी पदं क्रमानं कोरलेली आहेत. एकीकडे ग्रीकमध्ये, दुसरीकडे लॅटिनमध्ये, म्हणजे शहरालाही कळावं आणि रोमहून आलेल्यालाही. आमचे मोठे साहेब नेमके त्या लॅटिन यादीला टेकून फोटो काढून घेत होते. मी काही बोलले नाही.

थिएटर मात्र बघताक्षणी धडकी भरवतं. पंचवीसेक हजार माणसं बसायची. बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांत इथल्या दंगलीची गोष्ट आहे. ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाच्या उपदेशामुळे आर्टेमिसच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचा धंदा बसेल म्हणून सोनार-कारागीर पेटले, लोक या थिएटरात घुसले आणि दोन तास 'इफेससकरांची आर्टेमिस थोर' असं ओरडत राहिले. मला त्यातला नगर-चिटणीस आवडतो. तो काय म्हणतो? की आपलं शहर थोर आर्टेमिसचं राखणदार आहे हे कुणाला ठाऊक नाही? मग उगाच आरडाओरडा कशाला? तक्रार असेल तर न्यायालयं आहेत, प्रोकॉन्सल आहेत. आणि आजच्या गोंधळाबद्दल आपल्यावर दंग्याचा आरोप येऊ शकतो. लोक घरी गेले. एकही सैनिक दिसत नाही त्या गोष्टीत. शहराची प्रतिष्ठा आधी गोंजारली, मग ती जाऊ शकते एवढं सूचित केलं, बस्स.

दुपारी ग्रुपला एका चामड्याच्या शोरूममध्ये नेणार होते. मॉडेल कोट घालून चालून दाखवतात, मग दारं बंद करून किमती सांगतात, असं ऐकून होतो. आम्ही दोघांनी तिथून काढता पाय घेतला आणि दोल्मुश म्हणतात त्या वडापनं सेल्चुक गावात आलो. रेल्वे स्टेशनजवळ जुन्या जलवाहिनीचे खांब उभे आहेत आणि प्रत्येकावर करकोच्याचं घरटं. त्याखाली चहाची दुकानं. दुकानदार म्हाताऱ्यानं कुठून आलात विचारलं, हिंदुस्थान म्हटल्यावर दोन चहा आणखी आणले आणि पैसे घेईना. नवऱ्यानं जबरदस्तीनं नोट ठेवली तर तो खरोखर दुखावला, म्हणून उचलून घेतली. पाहुणचाराचं एवढं ओझं मला झेपत नाही, मी अवघडून जाते. त्यात तो हातवारे करून समजावत होता की इझमिर म्हणजे नुसती गर्दी, माणसं इथे राहतात. आजच्या इझमिर प्रांताची वस्ती चाळीस लाखांवर आणि सेल्चुकची चाळीस हजारांच्या आतबाहेर. नदीच्या गाळानं इफेससचं बंदर बुजलं, समुद्र काही किलोमीटर मागे सरला. मानाचं पहिलं पाऊल टाकायची जागा आता दलदल आणि शेतं आहे.

चहा पिताना नवऱ्यानं एक टोकलंच. म्हणाला, "तुला त्या वेडियसचं फार कौतुक. पण पैसा कुणाचा?" प्रश्न बरोबर होता. पर्गामम्चा वैद्य गेलन याच प्रांताचा, त्यानं दुष्काळाचं वर्णन केलंय: शहरवाले सुगी होताच वर्षाचं गहू-जव भरून नेतात, खेड्यातल्यांना उरलेल्या डाळी-कडधान्यांवर भागवावं लागतं, आणि तीही संपली की झाडांचे कोंब आणि कंदमुळं. शहरवाले म्हणजे याच चौथऱ्यांवर नावं असलेले लोक. खेडेगावाला ना पदवी होती ना पुतळा. पायऱ्यांवर बसून मी ज्या व्यवस्थेवर खूश झाले होते तिच्यात शेतकरी कुठेच बसत नाही. चहा कडू लागला असं लिहिणार नाही, चहा उत्तम होता.

नंतरचा पामुक्कालेचा दिवस पांढऱ्या पाण्यात पाय बुडवण्यात गेला. ते वर्णन गूगलवर शेकड्यांनी आहे. पण तिथून जवळच्या अफ्रोडिसियसला मात्र आम्ही दोघं वेगळी टॅक्सी करून गेलो, आणि अख्ख्या प्रवासातला हा खर्च मला सर्वांत योग्य वाटला. गर्दी नाही. स्टेडियम पाहिलं की डोळे फिरतात, आणि वाकून पाहिलं तर बसायच्या दगडांवर कोरलेलं दिसतं, ही जागा अमक्यांची, ती तमक्यांची. नवरा म्हणाला, "बघ, इथेही पुढच्या सीटचं आहेच." एवढ्या दिवसांत त्यानं केलेला हा एकमेव विनोद, म्हणून नोंदवून ठेवते.

तिथल्या थिएटरात रंगमंचाच्या बाजूला एक भिंत आहे, तिच्यावर या शहरानं राज्यकर्त्यांची पत्रं ओळीनं कोरून ठेवली. त्यातलं एक या शहराला आलेलंच नाही! सामोस बेटाला सम्राट ऑगस्टसनं पाठवलेलं नकाराचं पत्र आहे ते. स्वातंत्र्याचा मान, म्हणजे करमाफीसकटचा दर्जा, सामोसला हवा होता. ऑगस्टसची बायको लिविया त्यांची शिफारस करत होती. तो लिहितो, बायकोचं मन राखायला मला आवडलं असतं, पण माझा रिवाज मोडून नाही. हा मान मी अफ्रोडिसियसवाल्यांखेरीज कुणालाच दिलेला नाही, कारण त्यांनी युद्धात माझी बाजू घेतली आणि त्यापायी त्यांचं शहर पडलं. तुम्ही भरता त्या कराची मला फिकीर नाही, पण सर्वांत मोठा मान कारणाशिवाय कुणाला द्यायचा नाही. दुसऱ्याला मिळालेला नकार या लोकांनी कुठून तरी मिळवला आणि आपल्या भिंतीवर लावला. आपला मान मोठा कशानं ठरतो, तर शेजाऱ्याला तो मिळाला नाही यानं. ऑगस्टसला हे पुरतं कळलेलं होतं. म्हणूनच त्यानं सुभेदारांच्या बाबतीतही इ.स. ११ मध्ये फर्मान काढलं: सुभेदार पदावर असताना आणि गेल्यावर साठ दिवसांपर्यंत प्रांतानं त्याचा कसलाही सन्मान करायचा नाही. काही सुभेदार आधीच प्रशस्तिपत्रं ठरवून घेत आणि त्याआड वाट्टेल ते करत. निरोप समारंभांवर साठ दिवसांची बंदी! आपल्याकडे ही आणली तर हारवाले उपाशी मरतील.

परतीच्या बसमध्ये टूर मॅनेजर रडकुंडीला आला होता. मी त्याला अंतोनिनस पायसची गोष्ट सांगितली. त्यानं ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "म्हणजे काकू, सीट द्यायचीच नाही, पदवी द्यायची?" मुलगा हुशार आहे, पुढे जाईल. संध्याकाळी माइक घेऊन त्यानं जाहीर केलं की मोठे साहेब ग्रुपचे मार्गदर्शक आणि धाकटे साहेब ग्रुपचे वेळ-प्रमुख. पुढच्या सीटवर तो स्वतः बसला. उद्याची निघायची वेळ धाकटे साहेब सांगतील, त्याला मोठे साहेब अनुमोदन देतील. दोन्ही जोडपी चकार शब्द न काढता तिसऱ्या ओळीत गेली. नवऱ्याकडे क्रोसिनची पट्टी होती म्हणून तो औषध-प्रमुख झाला. मला काहीच दिलं नाही. कल्पना माझी असूनही. हे मला इतकं लागलं की रात्री झोप लागेना, आणि लागलं म्हणून आणखी चिडचिड झाली. नवरा औषध-प्रमुख या नात्यानं मला गोळी देऊ करत होता.

इस्तंबूलला जाताना दुपारच्या जेवणासाठी इझनिकला थांबलो. हे प्राचीन नाइकिया. तळ्यातला मासा चांगला असतो म्हणतात, शाकाहारी ग्रुपमध्ये त्याचं काय. या भागातलं भांडण नाइकिया आणि निकोमेडिया, म्हणजे आजचं इझमित, या शेजारी शहरांचं. बिथिनिया या रोमन प्रांतातलं पहिलं कोण? इथून जवळच्या प्रुसाचा, म्हणजे बुर्साचा, दिओ नावाचा वक्ता होता. त्यानं निकोमेडियात जाऊन लोकांना तोंडावर सांगितलं होतं, की तुमच्या या भांडणाला रोमन हसतात आणि त्याला 'ग्रीकांचे दोष' म्हणतात. सुभेदार एका शहराला जवळ करतो आणि मग हवा तेवढा अन्याय करतो, कारण दोघं मिळून त्याच्याविरुद्ध तक्रार करणार नाहीत हे त्याला माहीत असतं. हा माणूस पहिल्या शतकाच्या अखेरीस हे बोलतोय! टाळ्या पडल्या असतील. सुधारलं कुणीच नाही. शंभर वर्षांनी सेप्टिमियस सेवेरस आणि पेसेनियस नायजर यांच्यात गादीसाठी युद्ध जुंपलं, तेव्हा निकोमेडिया सेवेरसकडे गेलं आणि म्हणून नाइकिया नायजरकडे. सम्राटांच्या प्रेमापोटी नव्हे, एकमेकांच्या द्वेषापोटी, असं त्या काळचा इतिहासकार हेरोडियन सरळ लिहितो. सेवेरस जिंकला. त्यानं नायजरच्या बाजूच्या बायझँटियमचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलचा, शहर म्हणून दर्जाच काढून घेतला, ते शेजारच्या शहराच्या हाताखाली दिलं. नाइकियाच्या पदव्या गेल्या.

पूर्वेकडच्या लेफ्के दरवाजापर्यंत मी जेवण सोडून चालत गेले. नवरा मागून पोळीत काहीतरी गुंडाळून घेऊन आला. या दरवाजावर सम्राट वेस्पासियनच्या काळात शहरानं मोठ्या दिमाखात आपल्या पदव्यांचा लेख बसवला होता, आपण प्रांतात पहिले असल्याचा. त्यातल्या मानाच्या शब्दांवर छिन्नी चाललेली आहे, बाकीचा लेख जागच्या जागी. अभ्यासक हे खोडकाम सेवेरसच्या शिक्षेशी जोडतात. खालून वाहनं जात होती, एक ट्रॅक्टर अडकला आणि हॉर्न सुरू झाले.

"खोडायला रोमनं माणसं पाठवली असतील का गं?" नवऱ्यानं विचारलं.

"कशाला पाठवतील? आदेश पाठवला असणार. शिडी लावून खोडलं असेल इथल्याच लोकांनी, आणि मजुरी नगरसभेनं मंजूर केली असेल."

"ठराव करून?"

"ठराव करून. खाली सह्या कुणाच्या आधी, यावर पुन्हा भांडून."